लग्नाला गेलेली हौसा

मुक्ता आणि ईशान,

गेले आठ महिने तुम्ही दर रविवारी विचारता, "हौसामावशी कुठे आहे?" आणि दर रविवारी मी सांगते, "गावी गेली आहे, येईल." ते खरे नव्हते. मागच्या रविवारी मुक्ता म्हणाली की मावशीसाठी लोकरी मोजे घ्यायचे आहेत, तिच्या पायाचे माप कळव. मी बेल वाजल्याचे निमित्त करून फोन ठेवला. बेल वाजली नव्हती. हौसामावशी सव्वा महिन्यापूर्वी वारली.

हे मला फोनवर सांगता आले असते. इंग्रजीतही लिहिता आले असते, आणि तुम्हाला ते वाचायला सोपे गेले असते. पण मला जे बोलायचे आहे ते तिच्याशी आहे, आणि तिच्याशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही. तुम्ही शेजारी बसून ऐका. शब्द अडला तर बाबाला विचारा. जे घडले ते क्रमाने लिहिते. त्यात तुमची आजी फार चांगली दिसणार नाही, पण ते गाळले तर बाकीचे लिहिण्यात अर्थ नाही.

हौसा,

तुझी जन्मतारीख तुलाच माहीत नव्हती, तेव्हा तिथून सुरुवात करता येत नाही. आपली सुरुवात एका चुकीपासून झाली, ती आधी सांगते.

मी न्हाणीघरात घसरून पडले आणि उजव्या खुब्याचे ऑपरेशन झाले. दवाखान्यातून घरी आणले त्या दिवशी, पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोने तुला पाठवले. हातात कापडी पिशवी आणि डोक्यावर पदर. मी पलंगावर पडल्या पडल्या तक्ता तयार केला होता. वेळ, कूस, पाणी, औषध, असे रकाने पट्टीने आखून. उजव्या कुशीवर काही दिवस वळवायचे नव्हते, म्हणून 'कूस' या रकान्यात फक्त 'डावी' आणि 'पाठ' लिहिले होते. तू दुसऱ्याच दिवशी मला उजवीकडे वळवलेस. मी इतक्या जोराने ओरडले की शेजारच्या वहिनी धावत आल्या.

"तुमची डावी का माझी डावी?" तू विचारलेस. तू माझ्याकडे तोंड करून उभी होतीस.

"पेशंटची. नेहमी पेशंटची डावी धरायची."

"मग तसं लिवायचं की."

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे? ते समजायला हवं."

तू पेन्सिल घेतलीस आणि माझ्या नीटस तक्त्यावर, डाव्या बाजूला एक चौकोन काढून त्यात फुली मारलीस. ती खिडकी. उजव्या बाजूला नुसती उभी रेघ. ती भिंत. "हिकडं खिडकी, तिकडं भित. आता कुनाचीबी डावी असू दे." त्या दिवसापासून आपल्या घरात डावे-उजवे संपले. मी चौतीस वर्षे शाळेत शिकवले, माझ्या तक्त्यात तोपर्यंत कोणी बदल केला नव्हता. मला राग आला होता. तुझे बरोबर होते म्हणून जास्त आला होता.

तू दर दोन तासांनी मला वळवायला यायचीस. मी म्हणायचे, "आत्ता नको, आत्ताच डोळा लागलाय." तू ऐकायची नाहीस. लहानपणी आबांच्या मागे मेंढ्या राखल्या होत्यास, तिथले सगळे कायदे तू मला लावायचीस.

"मेंढरू एका अंगावर पडलं आन् कुनी उठवलं न्हाय तर फुगून मरतं, बाई. आबा मला तेवढ्याच कामाला न्यायचा. पडलेलं दिसलं की उभं करायचं."

"मी मेंढरू आहे का?"

"मेंढरू बरं. ते वाद घालत न्हाय."

एकदा चहावरून आपले मोठे भांडण झाले. साखर मी बंद केली होती आणि तू चोरून घालत होतीस. मी तुला टाकून बोलले. तू दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, पण दोनच्या ठोक्याला आलीस, वळवलेस, कान दुमडला नाही ना ते पाहिलेस आणि गेलीस. चारला परत. संध्याकाळी मी म्हणाले, "हे मात्र चांगलं केलंस. माणसाचा राग अंगावर काढायचा नसतो. अंग कोणाचंही असो, वेळ झाली की वळवायचं." तू म्हणालीस, "आता बोला की, मी काय दगड हाय का." आणि चहा आणलास. बिनसाखरेचा. हे वाक्य मी का लिहून ठेवते आहे ते पुढे येईल. ते मला परत ऐकवले गेले.

तुझ्या हातावरचा डाग मी तिसऱ्या महिन्यात पाहिला. मला खुर्चीतून उठवताना तुझी बाही वर सरकली. मनगटापासून वर, तीन बोटे रुंद, कातडी आक्रसलेली.

"उलथनं," तू म्हणालीस. "सासूनं ठेवलं. दूध उतू गेलं हुतं. पाय हिकडं घ्या."

मग पुढच्या काही दुपारी तुकड्यातुकड्याने बाकीचे कळले. सोळाव्या वर्षी पळसदेवहून लासुर्ण्याला दिली. सात वर्षे मूल झाले नाही. एका सकाळी सासूने तुझे गाठोडे उंबऱ्याबाहेर ठेवले आणि कडी लावली. नवऱ्याने रंजनाला दुसरी बायको करून आणले. तू बारामतीला आलीस, दवाखान्यात फरशा पुसल्यास, मग आया झालीस, मग घरोघर पेशंट सांभाळू लागलीस. हे सगळे तू भाजी निवडत सांगितलेस. रात्री मला झोप येईना झाली होती, तू मात्र घोरत होतीस.

मी ठरवले की तुला लिहायला शिकवायचे. तिसरीपर्यंत शाळा झाली होती, अक्षरे गंजली होती. दुपारी अडीच ते साडेतीन. तू कुरकुरायचीस, "बाई, तुमी शाळेतबी असंच बोट उगारायचा का?" पण बसायचीस. पाच-सहा महिन्यांनी मी म्हणाले, आता पाहून लिहायचे नाही, मनातले एक वाक्य लिही. तू बराच वेळ पेन्सिलचे टोक पाहत बसलीस. मग लिहिलेस, 'मी लासुर्ण्याला परत जाणार नाही.'

मी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फाइलला लावला. मुलाच्या पदवीच्या दाखल्याच्या मागे. मला इतका अभिमान शाळेत कुठल्या मुलीचा वाटला असेल असे आठवत नाही. तुला मी त्या घरातून कायमचे बाहेर काढले असे मला वाटले. तू तर बारा वर्षांपूर्वीच तिथून निघून स्वतःच्या पायांवर उभी राहिली होतीस, पण ते माझ्या ध्यानात आले नाही.

रविवारचे फोन मुलांना आठवतात. आपली सकाळ, त्यांची रात्र. तू फोन इतका जवळ धरायचीस की ईशानला तुझा फक्त कान दिसायचा. "गुड नाइट. दात घासा. आईचं ऐका." तेवढे झाले की फोन माझ्या हातात देऊन तू तक्त्यावर वेळ लिहायचीस. मी वॉकर घेऊन हिंडू लागले तरी तू तक्ता थांबवला नाहीस. अशी तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांत माझ्या पाठीवर, टाचेवर, कुठेही एक लाल डागसुद्धा उमटला नाही. डॉक्टर म्हणायचे, "बाई, ही कुठं मिळाली तुम्हाला?"

मग वैशाखात तू म्हणालीस, "भाचीचं लगीन हाय पळसदेवला. चार दिस द्या. पाचव्या दिशी सकाळच्या एस्टीनं येती."

मी कपाटातून नवी साडी काढली. मोरपंखी, सुती, घडी न मोडलेली. भाचीला आहेर म्हणून. तू ती हातात घेऊन उभी राहिलीस. मग म्हणालीस, "एवढी चांगली कशाला, बाई?" मी म्हणाले, लग्न रोज होत नाही. तू साडी पिशवीत घातलीस. तुझ्या तोंडावरची एक रेषसुद्धा हलली नाही. हे मला अजून समजत नाही.

पाचव्या दिवशी मी लवकर अंघोळ उरकून व्हरांड्यात फाटकाकडे तोंड करून बसले. अकरा वाजले, एक वाजला. ब्युरोने बदली मुलगी पाठवली होती, तिला मी अंगाला हात लावू दिला नाही. "हौसा येईल." तुझा फोन बंद. सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी तेच. मी दिवसभर त्या खुर्चीत बसायचे. नवव्या दिवशी त्या मुलीने माझे न ऐकता पाठ पुसायला घेतली आणि म्हणाली, "आजी, इथं जखम झालीय." माकडहाडावर, रुपयाएवढी.

त्याच दुपारी तुझ्या भावाचा फोन आला.

"बाई, ताईला द्या की. तिचा फोन लागंना झालाय."

"ताई तुमच्याकडेच आहे ना? लग्नाला आली आहे."

"कुनाचं लगीन?"

त्यालाच काय ते समजले असावे. "मग लासुर्ण्याला गेली आसंल. तितली म्हातारी, तिची सासू, दोन महिनं झालं पडून हाय. रंजना आली हुती हितं, ताईला सांगा म्हनून. आमी तिला हाकलली हुती, मग तिनंच ताईला गाठलं आसंल."

मी दुसऱ्या दिवशी गाडी ठरवली. बुडाखाली उशी घेतली आणि पर्समध्ये तो कागद. सणसर गाव मागे पडले तसे मी मनात वाक्ये जुळवू लागले. शिक्षा करायच्या आधी मी नेहमी जुळवायचे, म्हणजे आवाज चढत नाही.

उसाच्या कडेला दोन खोल्या, वर पत्रा. आत डेटॉलचा वास. तू पलंगावर गुडघे टेकून बसली होतीस आणि म्हातारीच्या खालची आडवी चादर दोन्ही हातांनी ओढत होतीस. मला पाहून तू हात थांबवला नाहीस.

"बाई, थांबा जरा. हिला दाराकडं वळवती."

तू तिला वळवलेस, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी दिलीस, कान दुमडला नाही ना ते पाहिलेस. मी दारात वॉकर धरून उभी होते. आणि तेव्हा मला दिसले की ती आडवी चादर म्हणजे माझी मोरपंखी साडी आहे. चौपदरी घडी घालून, टाके मारून.

भिंतीवर तक्ता होता. माझा तक्ता. वेळ, कूस, पाणी, औषध, पट्टीने आखलेला. फक्त तिथे खिडकी नव्हती. कुशीच्या रकान्यात तू लिहिले होतेस, दार, कपाट, दार, कपाट.

तू हात धुतलेस आणि माझ्या पाया पडायला वाकलीस. मी मागे सरकले.

"लग्न कोणाचं होतं?"

"खरं सांगितलं असतं तर सोडलं असतं का तुमी?"

"नसतं सोडलं."

"मग."

मी कागद काढून तुझ्या हातात दिला. तू तो एका दमात वाचलास, बोट न फिरवता, आणि हसलीस. "अक्षर लईच वंगाळ हुतं माझं." स्वयंपाकाच्या दाराशी रंजना उभी होती, तीही हसली. ज्या बाईला तुझ्या जागी आणले तिच्याबरोबर तू माझ्यासमोर हसलीस. मग मी जे बोलले ते शब्द शाळेत कधी माझ्या तोंडून निघाले नव्हते. या बाईने तुला भाजले, कुत्र्यासारखे बाहेर काढले, आणि तू तिचे काय काय धुतेस, असे.

तू मला खुर्चीत बसवलेस आणि स्वतः खाली बसलीस. "बाई, हिच्या पाठीला मूठ जाईल एवढं भोक हुतं. वास रस्त्यापतोर येत हुता. नवरा तर दोन वर्साखाली गेला. ही रंजना दिसभर रानात. मला काम येतंय. येत नसतं तर आले नसते."

"दुसरी बाई मिळाली असती."

"हितं कोन येतंय? तुमाला मिळत्याल की." हे तू वाईट बोलायचे म्हणून बोलली नव्हतीस, मला ठाऊक आहे. तरी ते बसायचे तिथे बसले.

"ती तुझी कोण लागते आता?"

"कुनी न्हाय. तुमीच म्हनायचा की, अंग कुनाचंबी असू दे, वेळ झाली की वळवायचं."

मी ते चहाच्या भांडणानंतर म्हटले होते, हौसा, साखरेबद्दल. मी लासुर्ण्याबद्दल म्हटले नव्हते.

म्हातारी पलंगावरून माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती आणि लाजही नव्हती. मला तिच्याशी बोलायचेच नव्हते. तू मात्र माझ्याकडे निरखून पाहत होतीस.

"बाई, तुमी तिरक्या का बसलाय?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणाले. तिची जखम भरत होती आणि माझी उघडली होती, एवढे तुला त्याच जागी सांगता आले असते. मी सांगितले नाही. मी म्हणाले, "आता माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस."

"बरं," तू म्हणालीस. गाडीपर्यंत आलीस, सीटवरची माझी उशी काढून दुमडलीस, मध्ये खळगा राहील अशी ठेवलीस, आणि मी बसल्यावर दार लावून घेतलेस.

दोन दिवसांनी तुझा भाऊ चिठ्ठी घेऊन आला. ती इथे तुझ्या शब्दांत उतरवते, मुलांनी तुझे लिहिणे पाहिलेले नाही.

'बाई, ब्युरोच्या पोरीला फोन केला. जखम हाय म्हनली. खुरचीवर तासाच्या वर बसू नका. बसलं तरी हात टेकून अंग उचलायचं, वीस म्हनेपर्यंत. पावडर लावू नका. खिडकीकडं जास्त झोपा. त्या पोरीला करू द्या. राग माझ्यावर काढा, अंगावर नको. हौसा.'

चिठ्ठीतल्या चुका मी मोजल्या, हे कबूल करते. मग तिच्यात सांगितलेले सगळे केले, तासाला हात टेकून वीस आकडे म्हणण्यापर्यंत. सात आठवड्यांत जखम भरली. तुला कळवले नाही.

तू रविवारी फोन करायचीस. मुलांचा फोन संपला की थोड्या वेळाने. तुला वेळ ठाऊक होती. मी फोन समोर ठेवून तो वाजून थांबेपर्यंत पाहत बसायचे. मुलांना सांगायचे, गावी गेली आहे, येईल. ते सांगताना माझ्या आवाजातली खोट कुणाला कळली नाही, तशी लग्नाच्या वेळी तुझ्याही आवाजातली मला कळली नव्हती.

आणि खरे सांगू? मला वाटत होते की तू येशील. मी दारात येऊ नको म्हटले होते. पण माझे 'नको' तू कधी ऐकले होतेस? तीन वर्षे मी दिवसातून दहा वेळा 'आत्ता नको' म्हणाले आणि तू एकदाही थांबली नाहीस. मग हे एकच 'नको' तू कसे ऐकलेस? लग्नाचे खोटे मी एखाद्या दिवशी गिळले असते. साडीसुद्धा. हे मात्र उतरत नाही. मला वळवायची वेळ झाली होती, हौसा, आणि तू आली नाहीस.

मग रंजनाचा फोन आला. "बाई, हौसाताई गेली." मी विचारले, "कुठे?" इतकी मी तुझ्या जाण्यायेण्याच्याच हिशेबात होते. तिने परत सांगितले. सकाळी छातीत कळ आली, उंबऱ्यावर बसली, शेजाऱ्याने गाडी काढली, इंदापूर यायच्या आधीच संपले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तुझाच शब्द तोंडात आला. त्यानंतर मला आधी आला तो रागच. भांडण अर्धे टाकून तू दुसऱ्यांदा न सांगता गेलीस.

तेरावा झाल्यावर मी लासुर्ण्याला गेले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, गाडी पुढे सरकेना. या वेळी मी म्हातारीसाठी वाक्ये जुळवत होते. तू होतीस तेव्हा बोलले नाही, आता बोलणार होते. तुम्ही तिचा हात भाजलात, तुम्ही तिला काढलेत, आणि तिने तुमच्यापायी माझे घर सोडले, अशी ओळीने.

रंजना अंगणातच भेटली. "बाई, आत्याबाईंला काय बोलू नका. त्यांना सांगितलं न्हाय. लग्नाला गेली म्हनून सांगतोय."

"काय सांगताय?"

"पळसदेवला लगीन हाय, भाचीचं. दुसरं काय सुचलं न्हाय त्या टायमाला. ताईनंच तुमाला तसं सांगितलं हुतं ना, तेच तोंडात आलं."

मी आत गेले. भिंतीवर तक्ता होता. तुझ्या शेवटच्या दिवशी दहाच्या पुढे तुझ्या अक्षरात 'दार'. त्याखाली बाराच्या पुढे दुसरे अक्षर, मोठे आणि तिरके. 'कपाट'.

"त्या दिवशी बाराला तू वळवलंस?" मी रंजनाला विचारले. "तसल्या धांदलीत?"

"गाडीत घालताना ताई म्हनली, बाराला कपाट. ते तेवढंच म्हनली. मग मी घरी थांबले. म्हनून मी गाडीत न्हवते." ती पदराने डोळे पुसत नव्हती. घड्याळाकडे पाहत होती, दोनला पाच मिनिटे कमी होती.

"कोन हाय?" म्हातारीने विचारले.

"बारामतीच्या बाई, आत्या."

"हौसाच्या बाई?"

"व्हय."

तिने मान वळवायचा प्रयत्न केला, जमले नाही. मी खुर्ची पुढे ओढली, तिला मी दिसेन अशी. तिचे मनगट पांघरुणाबाहेर होते. ते माझ्या मनगटापेक्षा बारीक होते. हाच हात होता. मी जुळवलेले पहिले वाक्य माझ्या तोंडाशी आले.

"हौसा लग्नाहून कवा येनार हाय?" तिने विचारले.

रंजना चुलीपाशी थबकली.

हौसा, या खोट्याने माझे नऊ दिवस गेले होते, माझी कातडी गेली होती, तू गेली होतीस. आणि मी म्हणाले, "लग्न लांबलं आहे. येईल."

म्हातारीने बराच वेळ पत्र्याकडे पाहिले. "आमाला सांगून न्हाय गेली," ती म्हणाली.

"मलाही नाही," मी म्हणाले.

यावर तिने मान हलवली. तिच्याशी बोलायची बाकी वाक्ये माझ्याजवळच राहिली आहेत. तिला एकदा सांगायला हवीत की नको, हे मला ठरवता येत नाही. ती सांगितली तरी ते उलथने तिला बहुधा आठवणार नाही, आणि ऐकायला तू नाहीस.

दोन वाजले. रंजना आली, पलंगावर गुडघा टेकला आणि साडीची कड धरली. मोरपंखी रंग धुऊन फिका झाला आहे, टाके मजबूत आहेत. तिने म्हातारीला दाराकडे वळवले. कान पाहिला. मी म्हणाले, "पाठ दाखव मला." तिने म्हातारीची चोळी वर केली. मी चष्मा पुसला आणि वाकून पाहिले.

मी तुला माफ केलेले नाही. परवा तो पाकिटातला कागद मी परत काढला. 'मी लासुर्ण्याला परत जाणार नाही.' ते वाक्य मी सांगून लिहून घेतले नव्हते, एवढ्यावर मी इतके दिवस टेकले होते. पण कोणते वाक्य लिहिले की बाईंना बरे वाटेल हे वर्गातल्या कुठल्याही मुलीला कळते, आणि तू तर माझा चेहरा रोज पुसत होतीस. ते वाक्य बहुधा माझ्यासाठीच लिहिले होतेस. हेही मला विचारायचे होते. आता विचारता येत नाही.

मुक्ता, मोजे पाठव. मधल्या मापाचे. रंजनाने म्हातारीच्या पायाचे माप सुतळीने घेऊन दिले आहे, तिच्या टाचा गार पडतात.

मावशीचे काय काय राहिले आहे ते सांगून थांबते. तिच्या हातचा एक कागद आणि एक चिठ्ठी माझ्या फाइलला आहे. दोन घरांत दोन तक्ते चालू आहेत, इकडे खिडकी आणि भिंत, तिकडे दार आणि कपाट. माझी जखम भरलेली आहे. म्हातारी जिवंत आहे, आणि तिच्या पाठीवर मूठ जाईल एवढे भोक होते तिथे आता गुलाबी, कोरडी, अखंड कातडी आहे.